सहा-वीसचा पाहुणा

कवळ्या करणाऱ्या बाईला बत्तीस या आकड्याचं काय कौतुक? सकाळी आठपासून साडेपाचपर्यंत तिच्या हातात तेच. मेणात दात बसवायचे, साच्यावर ठेवून बघायचे, केसभर जरी चुकलं तरी उपटून पुन्हा बसवायचे. तोंड केवढंही मोठं असो, जागा बत्तीस. तेहतिसावा यायचा तर तो कुणाला तरी ढकलूनच येणार, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण आपल्याच घरात, चपलांच्या कपाटावर तीन शिंगं उभारून बसलेल्या त्या पांढऱ्या डबीत नेमकी तेवढीच जागा आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वायफायचा राउटर हे खातं नवऱ्याचं होतं, आणि नवरा जाऊन अकरा महिने झाले होते.

नवरा घरगुती उपकरणांच्या दुकानात विक्रेता होता. जी वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची ती आधी आपण वापरलेली हवी, असा त्याचा बाणा. त्यामुळे दुकानात जे जे वायफायवर चालणारं येई ते ते आधी घरी येई, आणि आलेलं सहसा परत जात नसे. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, त्यात हे एवढं मोठं खटलं. त्यातून या गृहस्थाला प्रत्येकाचं बारसं करायची हौस. धुण्याचं मशीन आत्या, कारण काम चोख करतं पण कुरकुरत. फरशी पुसत फिरणारी गोल तबकडी भाचा, कारण सदा सगळ्यांच्या पायात. वजनकाटा शेजारीण, कारण कुणी विचारलं नसताना खरं बोलते. अकरा दिवे म्हणजे चुलत भावंडं, त्यांना नुसते नंबर. बायकोचा फोन सरकार. आणि स्वतःचा फोन पाहुणा.

पाहुणा का, तर दुकान सकाळी नऊला उघडायचं ते रात्री साडेनऊला बंद व्हायचं. मध्ये फक्त संध्याकाळी सहा-वीसला तो चहाला घरी यायचा, वडिलांशेजारी बसायचा आणि सातला परत जायचा. त्याचा फोन वायफायला लागला की पॅसेजमधला पिवळा दिवा आपोआप पेटावा आणि चहाची किटली तापायला लागावी, अशी त्याने व्यवस्था करून ठेवली होती. पाहुण्याचं स्वागत नको का व्हायला, असं वर म्हणायचा. अशाच एका संध्याकाळी चहा पिऊन सातला गेला आणि दुकानाच्या जिन्यातच कोसळला. फोनला ओरखडाही नव्हता. तिने तो बंद केला, त्याच्याच रुमालात बांधला आणि लोखंडी कपाटाच्या खणात ठेवून दिला.

पॅसेजमधला दिवा मात्र सहा-वीसला पेटतच राहिला. किटलीही तापत राहिली. तिने समजून घेतलं की याने वेळ लावून ठेवली असणार. बंद कशी करायची हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बंद करायची नव्हती. सहाला घरी यायचं, कपडे बदलायचे, आणि दिवा पेटला की सासऱ्यांना चहा द्यायचा. दिवसातला तेवढाच वेळ तिला घर घरासारखं वाटायचं.

सासरे म्हणजे नाना. वय एक्याऐंशी, जन्मभर बस चालवलेली, आता चार पायांच्या आधाराच्या घोडीशिवाय पाऊल उचलत नाही. मुलगा गेल्यावर ते रडले नाहीत, फक्त बोलणं आटलं. पावसाळ्याच्या शेवटी ते न्हाणीघरात घसरले आणि डॉक्टरांनी मनगटाला बांधायचा एक पट्टा आणायला लावला. माणूस पडला की पट्टा ओळखतो आणि घरच्यांच्या फोनवर बोंब ठोकतो. तिने तो आणला, जोडला, पण त्याला नाव काही दिलं नाही. नावं ठेवणं हे तिचं काम नव्हतं. यादीत तो एका लांबलचक आकड्याच्या रूपात राहिला, घरातला एकटाच बिननावाचा. दिवसा नानांजवळ एक बाई असत, त्या सहाच्या ठोक्याला निघत. त्यापुढे नानांचा जीव त्या पट्ट्याच्या भरवशावर होता.

आणि एका बुधवारी भरवसा तुटला. ती सहाला आली, गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली, तिथे वरच्या मजल्यावरची बाई भेटली, बोलण्यात अर्धा तास गेला. फोन हातातच होता, गप्प होता. खाली आली तर नाना पलंग आणि कपाट यांच्या मध्ये जमिनीवर आडवे. मनगटावर पट्टा, पट्ट्यावर जोडणीचा हिरवा ठिपका नाही. हाक मारून मारून घसा बसला होता म्हाताऱ्याचा. हाड मोडलं नव्हतं एवढंच नशीब. तिने त्यांना उठवून बसवलं आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून रडली.

दुसऱ्याच दिवशी रजा घेऊन तिने इंटरनेटवाल्या काकांना बोलावलं. हे काका चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्यांपैकी, पण कामाला पक्के. भर दुपारी आले, राउटरचं पान त्यांनी तिच्या फोनवर उघडून दिलं आणि बराच वेळ बोटाने यादी वर-खाली करत राहिले.

"किती माणसं घरात?" त्यांनी विचारलं.

"दोघं."

"इथे बत्तीस दिसतायत." मग ते हसले, आणि त्यांनी समजावून सांगितलं. डबी जुनी, तिला बत्तीस झेपतात. एकतीस आधीची, बत्तिसावा हा पट्टा. तिथवर ठीक. पण रोज संध्याकाळी सहा-वीसला आणखी एक जण येतो. तेहतिसावा आला की राउटर बघतो, सगळ्यात गप्प कोण बसलंय. पट्टा बॅटरी वाचवायला झोपलेला असतो, म्हणून नेमकं त्यालाच उठवून बाहेर काढतो. सातला तो जास्तीचा जातो आणि पट्टा परत आत येतो. रोजचा हिशेब, एक दिवस चुकलेला नाही.

"कोण येतं?" तिने विचारलं, पण उत्तर तिला तेव्हाच ठाऊक होतं.

"पाहुणा असं नाव आहे. साहेबांचा फोन का?"

"हो."

"मग साहेबांना सांगा, घरी आले की वायफाय बंद ठेवत जा. सोपं आहे."

"सांगते," ती म्हणाली.

ते ऐकून काकांनी समाधानाने मान हलवली. जाता जाता आणखी दोन उपाय सांगितले. एक तर चार वस्तू काढून टाका, जागा मोकळी होईल. नाहीतर ही इथे खूण करा, म्हणजे जागा भरली की राउटर कुणाला उठवणार नाही, नव्या माणसालाच बाहेर ठेवील. पण मग साहेब बाहेर राहतील हं, असं म्हणून ते पुन्हा हसले आणि चष्मा विसरून गेले.

संध्याकाळी सहानंतर ती लोखंडी कपाटाशी गेली. रुमालाची गाठ तिनेच मारलेली होती, तशीच होती. फोन गार, काळा, मेलेला. तिने बटण दाबून पाहिलं, काही नाही. तो फोन एका हातात आणि आपला दुसऱ्या हातात घेऊन ती पॅसेजमध्ये उभी राहिली. सहा वाजून वीस मिनिटं झाली. पिवळा दिवा पेटला. स्वयंपाकघरात किटलीने खुट् केलं. तिच्या फोनवरच्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ आली, पाहुणा, आणि तो लांबलचक आकडा करडा पडला. हातातला फोन काळाच होता.

आधी तिला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. अकरा महिने हा रोज येत होता आणि आपण त्याला घड्याळ समजत होतो, या विचाराने तिचा ऊर भरून आला. भीती मागाहून आली, पायापासून चढत. पॅसेजमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती आणि तिथून जायला तिचं पाऊल उचलेना.

पण नानांचं काय? नवरा कितीही लाडका असला तरी तो येणार म्हणून म्हाताऱ्या बापाने फरशीवर पडून राहायचं, हे तिच्या बुद्धीला पटेना. आता कुणी म्हणेल, चाळीस मिनिटं त्यांच्या शेजारी बसून राहायला काय झालं होतं? तिला ते सुचलं नाही. घरात एवढी यंत्रं असली की हाताने करायची गोष्ट माणसाला सगळ्यात शेवटी सुचते.

तिने वस्तू काढायचं ठरवलं. शनिवारी सकाळी भाचा काढला, शेजारीण काढली, पाच चुलत भावंडं काढली, पंखा काढला, आणि मुंग्यांची पावडर मागवायची आठवण करणारा एक बोलका डबाही काढला. मोजून नऊ. यादीत तेवीस उरले. पाहुण्याला जागाच जागा, पट्ट्याला धक्का नाही, दोघंही सुखाने राहतील. तिचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तिने कप मांडले आणि फोन समोर ठेवून बसली.

सहा-वीसला दिवा पेटला. पाहुणा आला. चोवीस झाले. पट्टा हिरवा. तिने पहिला घोट घेतला आणि यादी हलली. पाहुण्याच्या खाली आणखी एक ओळ उमटली. आई.

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा बटणांचा फोन होता, वायफाय म्हणजे काय हे त्यांना मरेपर्यंत कळलं नव्हतं. आईच्या खाली आजोबा आले. मग थोरले काका. मग एक अक्का, जिचा फक्त फोटो तिने पाहिला होता. दारातून एकेक जण आत यावा आणि भिंतीशी सरकून मागच्याला वाट द्यावी, तशा ओळी येत गेल्या. आठ आल्या आणि बत्तीस भरले. मग नववी आली आणि नानांचा पट्टा करडा पडला.

आतल्या खोलीत नाना हळू आवाजात काहीतरी बोलत होते. गेल्या अकरा महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. ती दारापर्यंत गेली. ते पलंगावर बसले होते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान डोलावत होते. तिला पाहून गप्प झाले.

म्हणजे जागा जेवढी करावी तेवढी माणसं येणार. उशिरा का होईना, तिला कळलं. ही कुणाला न्यायला आलेली मंडळी आहेत हे तिच्या मनात आलं, आणि आलं तसं तिने ते झटकून टाकलं.

सात वाजता आलेली सगळी नावं यादीतून गेली. त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने नऊच्या नऊ वस्तू परत जोडल्या. भाचा, शेजारीण, सगळ्यांना पुन्हा ओळीत बसवलं. बत्तीस पुरे भरले. आणि इंटरनेटवाल्या काकांनी दाखवलेल्या जागी तिने खूण केली. ज्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, त्याच्याच तोंडावर ती दार लावत होती, आणि तेही घर पंख्यांनी आणि दिव्यांनी ठासून भरून. माफ कर, असं ती पुटपुटली. कुणाला ते तिलाच माहीत.

दुसऱ्या संध्याकाळी सहा-वीसला पॅसेज अंधारा राहिला. चहा तिने गॅसवर केला. पट्ट्यावर हिरवा ठिपका ठाम होता. मात्र दाराच्या बाहेर, जिन्याच्या चौकातला दिवा लागला. हा दिवा कुणी येऊन उभं राहिलं की लागणारा, आणि माणूस हलला की मिनिटाभरात विझणारा. तो विझला नाही. तिने दाराच्या भोकातून पाहिलं. पायपुसणं, समोरचा कठडा, बाकी कुणी नाही. दिवा सातपर्यंत जळत राहिला.

"बाहेर कोण उभं आहे?" नानांनी विचारलं.

"कुणी नाही नाना."

नानांनी चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. सोमवारीही हेच झालं, मंगळवारीही. रोज चाळीस मिनिटं बाहेरचा दिवा, आणि आत दोघं, एकमेकांकडे न बघता. नानांनी संध्याकाळचा चहा सोडला. तिने आवाज मोठा करून बातम्या लावायला सुरुवात केली. पट्टा मात्र एकदाही तुटला नाही, आणि ती स्वतःला तेच तेच बजावत राहिली.

त्याच पट्ट्याच्या जोरावर पुढच्या सोमवारी ती कामावर थांबली. एका म्हातारबुवांची वरची कवळी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती आणि पुढचे दोन दात काही केल्या ओळीत बसत नव्हते. दोन्ही बसले तेव्हा सहा वाजून गेले होते. वाटेत तिने चार वेळा फोन पाहिला. पट्टा हिरवा, बोंब नाही. जिना चढून ती दाराशी आली तेव्हा पावणेसात व्हायला आले होते.

दाराचं कुलूपही त्याच गोतातलं. घराच्या वायफायला लागलेल्या फोनलाच ते उघडायचं, लांबून कुणा चोराला नाही, ही नवऱ्याची खबरदारी. किल्ली होती, पण ती आत, चपलांच्या कपाटात. तिने फोन पुढे धरला. कुलूप गप्प. फोनवर अक्षरं आली: जागा भरली आहे.

आता तिच्या लक्षात आलं. सकाळी ती कामाला जाते तेव्हा तिचा फोनही जातो. यादीत एक जागा रिकामी होते, ती सहाला परतली की भरते. आज सहा-वीसला ती जागा रिकामी होती. सरकारच्या जागी कोण बसलं असेल हे सांगायला इंटरनेटवाल्या काकांची गरज नव्हती.

दाराच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. आत किटली वाजत होती. आणि नाना हसत होते, मोकळं, दम लागेपर्यंत, जसे पूर्वी बसच्या गमती सांगताना हसायचे तसे. तिने दार ठोठावलं. हसणं थांबलं.

"नाना, मी आहे. तुम्ही उठू नका," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "मी शेजारून कुणालातरी बोलावते. अजिबात उठायचं नाही."

पलंग करकरला. पलंगापासून दारापर्यंत अठरा पावलं, वाटेत उंबरा, आणि भाचा मध्येच कुठेतरी फिरत असणार. तिने कान लावला. घोडीची टकटक ऐकू येईना. नुसती पावलं येत होती, सावकाश, न अडखळता, आणि ती एका माणसाची वाटत नव्हती. वर चौकातला दिवा लागलेला होता. ती त्याच्याखाली उभी होती, पायपुसण्यावर, आठ दिवस तो जिथे उभा होता तिथेच. पोटऱ्या दुखत होत्या. काही करता येत नव्हतं, आतल्यांना आपण हवे आहोत की नाही हेही कळत नव्हतं.

कुलपाचा खटका आतून सरकला. दार उघडलं. नाना घोडीशिवाय ताठ उभे होते. त्यांचा उजवा कोपर अंगापासून थोडा उचललेला होता, कुणी बाजूने धरल्यावर उचलला जातो तसा.

"त्याने उठवलं मला," नाना म्हणाले. "म्हणाला, ती बाहेर उभी आहे, आत घ्या तिला. बाहेर उभं राहिलं की पाय फार दुखतात म्हणाला."

तिला हुंदका आवरला नाही. ती आत आली, नानांचा डावा हात धरला आणि तिघं असल्यासारखी त्या अरुंद पॅसेजमधून तिरपी तिरपी होत खोलीत गेली. नाना पलंगावर टेकले तेव्हा त्यांचा उजवा कोपर खाली आला. सात वाजले आणि दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगून टाकलं की साडेपाचनंतर कुणाचे दात पडोत की उगवोत, मी थांबणार नाही. घरी येऊन ती खूण काढली आणि त्या नऊ वस्तू काढून खोक्यात भरल्या. मग सहा वाजून अठरा मिनिटांनी ती नानांच्या शेजारी पलंगावर बसली आणि त्यांचं मनगट हातात घेतलं, पट्ट्याच्या जरा वर, जिथे नाडी लागते तिथे. एवढं साधं होतं ते. नानांनी हात सैल सोडला. दिवा पेटला, किटलीने खुट् केलं, पट्ट्यावरचा हिरवा ठिपका विझला आणि बोटांखाली नाडी चालत राहिली. समोरच्या खुर्चीकडे बघून नाना बसच्या गोष्टी सांगू लागले. तिला भीती वाटलीच, पण ती उठली नाही.

आता रोज असंच असतं. कोण कोण आलंय हे बघायला ती डाव्या हाताने यादी उघडते. पाहुणा, आई, आजोबा, थोरले काका, अक्का, सगळी यथास्थित. काल तिने यादी शेवटपर्यंत सरकवली. तळाशी नानांच्या पट्ट्याची करडी ओळ होती. तिथला तो लांबलचक आकडा गेला होता आणि त्या जागी नाव आलं होतं. तिने दिलं असतं तर तिने नाना लिहिलं असतं. तिथे बाबा लिहिलं होतं. नानांना बाबा म्हणणारा या घरात एकच होता.

तिने फोन पलंगावर उपडा ठेवला. नाना खुर्चीकडे बघून हसत होते. तिने दुसरा हातही पुढे केला आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं.